तहानलेल्या शिवारात पाण्याचा खेळ



आपल्या चर्चकडे वळणाऱ्या फाट्याजवळ गेला महिनाभर एक भला मोठा फलक उभा आहे. निळेशार पाणी, उंच घसरगुंडीवरून हात वर करून खाली येणारी मुले, आणि खाली ठळक अक्षरांत नव्या वॉटर पार्कच्या शुभारंभाची जाहिरात. मे महिन्यात तो सुरू होणार आहे. त्याच फाट्यावरून आत वळले की आपल्या धर्मग्रामातली एक वस्ती लागते. तिथे दिवसाआड टँकर येतो, आणि तो येतो याच फलकाखालून. रांगेत लावलेले हंडे, ड्रम आणि प्लास्टिकच्या कळश्या दिसतात, आणि त्यांच्या मागे, थोड्या अंतरावर, ते निळे पाणी दिसते.

गेल्या बैठकीत हा विषय पॅरिश कौन्सिलपुढे आला. वेदीसेवक मुलांची वार्षिक सहल यंदा त्या वॉटर पार्कला न्यावी, अशी सूचना युवा मंडळाने केली होती. मुलांचा उत्साह मोठा होता, आणि शाळांना सवलतीचे दरही मिळणार होते. तेव्हा वस्तीवरच्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "पोरं दिवसभर पाण्यात खेळतील, मला आनंदच आहे. पण घरी आल्यावर त्यांचे कपडे खळबळायला पाणी कुठून आणू, ते तेवढं सांगा." त्यावर एक भाऊ उभे राहिले. ते म्हणाले, "माझ्या पोराला तिथं काम मिळालंय. यंदा पहिल्यांदा तो कोयता घेऊन टोळीबरोबर गेला नाही. ते बंद पडावं असं मला कसं वाटेल?"

सभा काही वेळ गप्प झाली. दोघांचेही बोलणे खरे होते, आणि दोघेही आपलेच होते. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मधल्या दिवसांत आम्ही या प्रश्नावर जो विचार केला तो आपल्यापुढे मांडत आहोत.

खेळ म्हणजे पाप नव्हे

पहिली गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ख्रिस्ती माणसाने हसू-खेळू नये, असे आपला धर्म सांगत नाही. तेराव्या शतकातले थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि विनोद यांचा विचार सद्गुणांच्या प्रकरणात केला आहे. त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली आहे. शिष्यांसोबत हसत-खेळत बसलेल्या संत योहानाला पाहून कुणाला तरी नवल वाटले. तेव्हा योहानाने त्याला एकामागून एक बाण सोडायला सांगितले, आणि विचारले की असे सारखे करता येईल का. तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. योहान म्हणाला, माणसाच्या मनाचेही तसेच आहे. ज्याला स्वतःला हसता येत नाही आणि जो दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालतो, त्याचाही त्यात दोष आहे, असे संत थॉमस मानतात.

आपल्या मुलांना खेळायला काय आहे? ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यांच्या वाट्याला वर्षातले पाच-सहा महिने कोपीतले जिणे किंवा आजीजवळचे एकटेपण येते. अशा मुलाने एक दिवस पाण्यात मनसोक्त डुंबावे, यात कुणाला वाईट वाटावे? जुन्या पिढीतल्या लोकांनी ओढ्यात, विहिरीत, कालव्यात उड्या मारल्या आहेत. आज ओढे कोरडे आहेत आणि विहिरींचे तळ दिसतात. म्हणूनच मुलांचे पाणी आता तिकिटावर आले आहे. मुलांच्या या हौसेला आम्ही दोष देत नाही.

थोडा हिशेब

दुसरी गोष्ट हिशेबाची. पाण्याचा प्रश्न नुसत्या भावनेने सुटत नाही, आकडेही पाहावे लागतात.

वॉटर पार्कमधले पाणी रोज ओतून दिले जात नाही. ते गाळून, औषध टाकून पुन्हा पुन्हा वापरले जाते. खर्च होते ते पाणी वाफ होऊन उडालेले, अंगाबरोबर बाहेर सांडलेले, गाळणी धुण्यात आणि फवाऱ्याखाली आंघोळ करण्यात गेलेले. समजा, एक एकरभर पाण्याचा पृष्ठभाग आहे. आपल्याकडे कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सुमारे १० मिलिमीटर खाली जाते. म्हणजे एकरी रोज ४० हजार लिटर पाणी नुसते हवेत जाते. हजारभर माणसे आली आणि प्रत्येकाने ३० लिटर आंघोळीला वापरले, तर आणखी ३० हजार. गाळणी धुणे आणि सांडलवंड धरली की दिवसाचा खर्च लाखभर लिटरच्या घरात जातो. हा ढोबळ अंदाज आहे, पण फारसा चुकणार नाही.

लाख लिटर म्हणजे किती? टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरने पाणी देताना माणशी दिवसाला २० लिटर हा सरकारी हिशेब धरला जातो. त्या मापाने हे पाणी ५ हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग प्रश्नच मिटला, पार्क वाईट! पण हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही करावा लागतो. एक एकर उसाला पाटाने पाणी दिले तर वर्षाकाठी ८० लाख ते १ कोटी लिटर लागते. म्हणजे त्या पार्कचे वर्षाचे पाणी तीन-चार एकर उसाइतके. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले होते की महाराष्ट्रात लागवडीखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा ४ टक्क्यांहून कमी आहे, पण सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ ७० टक्के पाणी तो घेतो. एक किलो साखरेमागे सुमारे २ हजार लिटर पाणी जाते. आपल्यापैकी काहींची शेती उसाची आहे, आणि पुष्कळांची चूल ऊसतोडीवर पेटते. तेव्हा पार्ककडे बोट दाखवताना उरलेली बोटे कुणाकडे वळतात, हेही पाहिले पाहिजे. चहात साखर घालणारे आपण सगळेच त्यात आलो.

हिशेब पुरेसा का नाही

मग पार्कचे पाणी उसाच्या मानाने थोडे आहे, एवढ्यावर विषय संपवावा का? आम्हाला तसे वाटत नाही.

२०१६ चा उन्हाळा आठवावा. लातूर शहराचे पाणी संपले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून 'जलदूत' रेल्वे दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश झाला. तेव्हा अनेक जाणकारांनी विचारले होते की मैदानाचे पाणी ते किती, सामने हलवून लातूरची तहान थोडीच भागणार आहे! आकड्यांच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते.

तरीही सामान्य माणसाला आतून काहीतरी खटकत होते, आणि ते खटकणे खोटे नव्हते. एखाद्या घरात मयत झाली असेल, तर शेजारी लाऊडस्पीकर लावत नाही. लाऊडस्पीकर लावल्याने मेलेला माणूस अधिक मरत नाही आणि बंद ठेवल्याने तो जिवंतही होत नाही. पण शेजारधर्म म्हणून काही आहे. शेजाऱ्याचे दुःख आपल्याला दिसते, हे आपल्या वागण्यातून त्याला कळावे लागते.

श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांचा दाखला आपण पुष्कळदा ऐकला आहे. त्या श्रीमंताने लाजरसाला मारले नाही, त्याचे काही हिसकावले नाही, दारातून हाकलून दिल्याचेही शुभवर्तमानात म्हटलेले नाही. तो रोज मेजवानी करीत होता आणि दारातला माणूस त्याला दिसत नव्हता, एवढाच त्याचा अपराध. पुढे मरणानंतर तो काय मागतो? बोटाच्या टोकावरचे थेंबभर पाणी. प्रभू येशूने त्या श्रीमंताच्या तोंडी पाण्याचीच मागणी घातली, हे दुष्काळी भागातल्या माणसाने विसरू नये.

पाणी कुणाचे?

कुणी म्हणेल, मालकाने जमीन विकत घेतली, स्वतःच्या खर्चाने बोअर घेतले, पाणी त्याचेच. इंग्रजांच्या काळापासून आपल्याकडे समजूत अशीच आहे की जमीन ज्याची, खालचे पाणी त्याचे. पण आपल्या भागातल्या काळ्या पाषाणाला ही मालकी कळत नाही. पाणी खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात साठते. एकाने खोल बोअर घेऊन रात्रंदिवस मोटर चालवली की शेजारच्या विहिरीचा झरा आटतो. म्हणूनच महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले, आणि पुढे २००९ चा भूजल कायदा आला. कायदे आहेत. ते पाळले जातात की नाही हे आपल्या प्रत्येकाच्या शेतातल्या बोअरची संख्या सांगेल.

ख्रिस्तसभेची शिकवण याहून एक पाऊल पुढची आहे. पृथ्वीवरची संपत्ती परमेश्वराने सर्वांसाठी निर्माण केली आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ठामपणे मांडले. खासगी मालकी मान्य आहे, पण ती त्या मोठ्या हेतूच्या खाली आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात लिहिले की पिण्यायोग्य शुद्ध पाणी मिळणे हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, कारण त्यावर त्याचे जगणेच अवलंबून आहे. म्हणजे वस्तीवरच्या मावशी हंडा घेऊन उभ्या आहेत त्या उपकार मागायला नव्हे. त्या आपला वाटा मागत आहेत.

आणि पाणवठ्यावरचा वाटा म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कुणी शिकवण्याची गरज नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या पणज्या गावच्या विहिरीपासून दूर, कुणी वरून पाणी वाढील याची वाट पाहत तासन्‌तास उभ्या राहिल्या आहेत. विहिरीत पाणी होते, पण त्यांच्यासाठी नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले ते याचसाठी. प्रभू येशूनेही याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले, जिच्या भांड्याला त्याच्या लोकांनी हात लावला नसता. आज जातीच्या जागी तिकीट आले आहे. पैसे असतील त्याला डुंबायला पाणी, नसतील त्याला दिवसाआड दोन हंडे. पाणवठा पुन्हा दुभंगत असेल तर ते सर्वांत आधी आपल्याला कळायला हवे.

याच कसोटीवर आपणही उभे आहोत. जायकवाडीला वरच्या धरणांतून पाणी सोडायचे ठरले की आपल्या जिल्ह्यात दरवेळी नाराजी उसळते. "आमचे पाणी खाली का?" असे आपणही म्हटले आहे. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला आपली हिरवी शिवारे त्या फलकावरच्या निळ्या पाण्यासारखीच दिसत असतील.

बेथलेहेमची विहीर

शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात एक लहानशी घटना आहे. दावीद गुहेत लपला होता, आणि बेथलेहेमवर, त्याच्या जन्मगावावर, पलिष्ट्यांचे ठाणे होते. दिवस कापणीचे होते. तहानेने व्याकूळ झालेल्या दावीदाला गावच्या वेशीजवळच्या विहिरीची आठवण आली आणि त्याने ते पाणी प्यायला मिळावे अशी इच्छा बोलून दाखवली. त्याचे तीन वीर उठले, शत्रूची फळी फोडून गेले, आणि त्या विहिरीचे पाणी घेऊन परत आले. दावीदाने ते हाती घेतले, पण प्यायले नाही. ज्यांनी त्यासाठी जीव धोक्यात घातला त्यांचे जणू रक्तच त्या पाण्यात त्याला दिसले. त्याने ते परमेश्वरापुढे ओतून अर्पण केले.

पाणी पिणे हे पाप नव्हते. ते पाणी त्याच्यासाठीच आणलेले होते. कुणी त्याला नावे ठेवली नसती. पण त्या पाण्यामागचे कष्ट एकदा दिसल्यावर ते सहजपणे घशाखाली उतरेना. आम्हाला वाटते, या प्रश्नाचे मर्म इथे आहे. 'हे करायला परवानगी आहे का?' हा एक प्रश्न झाला. 'या पाण्यामागे कुणाची पायपीट आहे, हे मला दिसते का?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तहसील कचेरीत मिळते. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारावे.

मग काय करावे?

पार्क बंद पाडा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या मुलांना तिथे मिळालेले काम खरे आहे. पंधरा-वीस घरांतले तरुण गावात राहून कमावू लागले तर त्यांची लेकरे शाळेत आणि धर्मशिक्षण वर्गात टिकतील. पण काम देणाऱ्याला प्रश्न विचारू नये, असे कुठे आहे? पार्कचे पाणी कुठून येते? पावसाळ्यात छपरांवरचे आणि आवारातले पाणी तळ्यात साठवून तेच वापरणार का? गाळणी धुतलेले पाणी बागेला देणार का? आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या दिवशी आपल्या वस्तीला टँकर सुरू होईल, त्या दिवसापासून बोअर बंद ठेवणार का? हे प्रश्न वैराने नव्हे, शेजारी म्हणून विचारायचे आहेत, आणि ग्रामसभेत विचारायचे आहेत.

आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने हा मार्ग दाखवला आहे. वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि उसासारख्या पिकांवर स्वतःहून बंदी घातली. पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, आणि मग उरेल त्यावर पीक ठरवायचे. याच जिल्ह्याच्या माळरानावर स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन पाणलोटाची कामे उभी केली. डोंगरावर पडणारा थेंब डोंगरावरच मुरवायचा, हा धडा त्यांनी आपल्या माणसांच्या हातात दिला. आपला जिल्हा २०२४ पासून अहिल्यादेवींच्या नावाने ओळखला जातो. त्या राणीची आठवण लोक आजही तिने बांधलेल्या विहिरी, बारवा आणि घाट यांमुळे काढतात.

आणि सुरुवात आपल्या चर्चपासून करू या. आपल्या चर्चचे छप्पर सुमारे ४०० चौरस मीटर आहे. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर २ लाख लिटर पाणी पडते आणि पन्हाळीतून रस्त्यावर वाहून जाते. त्यातले निम्मे जरी आवारातल्या बोअरजवळ मुरवले तरी लाखभर लिटर होईल. पार्कच्या एका दिवसाच्या खर्चाइतके! आकडा लहान आहे, आणि तो लहान आहे हे कळणे चांगले. सणाच्या दिवशी आपण मंडपापुढे धूळ बसावी म्हणून टँकर मारतो, तेही या निमित्ताने आठवावे.

सहलीबद्दल आमची सूचना अशी आहे. वेदीसेवक मुलांना मे महिन्यात तिथे नेऊ नये. सहल पावसाळ्यानंतर, ओढ्याला पाणी आल्यावर ठेवावी. पण का नेले नाही, हे मुलांपासून लपवू नये. रद्द केले असे सांगून मोकळे होऊ नये. टँकर येण्याच्या दिवशी त्यांना सकाळी वस्तीवर घेऊन जावे, आजीबाईंचे हंडे घरापर्यंत पोहोचवायला लावावेत, आणि मग मैदानावर खेळ व खाऊ द्यावा. मुले समजूतदार असतात. कारण कळले की ती रुसत नाहीत.

त्या भाऊंना आमचे सांगणे असे की तुमच्या मुलाला मिळालेले काम आमच्याही आनंदाचे आहे, आणि त्याने ते प्रामाणिकपणे करावे. मावशींना आमचे सांगणे असे की तुमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ अजून नाही, पण तो प्रश्न आता तुमच्या एकटीचा राहिलेला नाही. ग्रामसभेला आपण सगळे मिळून जाऊ. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या ओट्यावर थोडा वेळ थांबावे, म्हणजे ग्रामसभेत काय विचारायचे ते एकत्र बसून लिहून काढता येईल.

दारातून आत येताना आपण पवित्र पाण्यात बोटे बुडवून क्रूसाची खूण करतो. पुढच्या रविवारी ते करताना क्षणभर थांबू या. ते पाणीही याच शिवारातले आहे, आणि कुणीतरी ते वाहून आणलेले आहे. प्रभू परमेश्वरा, ते आणणारे हात आम्हाला दिसू देत. आमेन.